अभयारण्याबाहेरचे पाणी : वर्धा जिल्ह्यातील हिवाळी पाणपक्षी आणि त्यांचे छायाचित्रण

हिवाळी पाणपक्ष्यांच्या छायाचित्रणाविषयी जगभर जे लिहिले गेले आहे, त्याचा मोठा भाग युरोप किंवा जपानमधल्या राखीव पाणथळींवर उतरणाऱ्या पांढऱ्या हंसांना समोर ठेवून लिहिलेला असल्यामुळे तो विदर्भात जसाच्या तसा उपयोगी पडत नाही. हे मोठे पांढरे हंस भारताचे नियमित हिवाळी पाहुणे नाहीत. वायव्येकडच्या एखाद्या जलाशयावर ते क्वचित भरकटून येतात, आणि म्हणूनच २०१३ च्या जानेवारीत हिमाचल प्रदेशातील पोंग जलाशयावर असा हंस दिसला तेव्हा ती देशभर बातमी झाली. विदर्भात त्यांच्या जागी येतो तो पट्टकादंब, म्हणजे राखी-पांढऱ्या अंगाचा, केशरी चोच व पाय असलेला आणि डोक्याच्या मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे मिरवणारा, मोठ्या बदकाहूनही भारदस्त असा पक्षी, ज्याला गावोगावी सरळ राजहंस म्हटले जाते. त्याच्याबरोबर तलवार बदक, थापट्या, चक्रांग, भुवई बदक, गडवाल, लालसरी, शेंडी बदक आणि चक्रवाक ही मंडळी उत्तरेकडून येतात, तर हळदीकुंकू बदक, अडई, काणूक, वारकरी आणि टिबुकली हे पक्षी बाराही महिने इथेच असतात. या सगळ्यांचे छायाचित्रण वर्धा जिल्ह्यात कसे होते, कशामुळे अडते आणि त्यातून काय हाती लागते, हा या आढाव्याचा विषय आहे.

हिंगणघाट तालुक्यातील अल्लीपूर हे गाव या विषयाच्या मध्यभागी ठेवण्याचे कारण असे की, तिथे अभयारण्य नाही. यशोदा आणि वणा या वर्धेला मिळणाऱ्या दोन नद्यांच्या मधला हा काळ्या मातीचा, कापूस, तूर आणि सोयाबीनचा पट्टा आहे, आणि इथल्या माणसाला पाणपक्षी पाहायचे असतील तर त्याला नदीचे डोह, गावतळी आणि आसपासच्या तालुक्यांतले पाटबंधाऱ्याचे जलाशय यांच्याकडेच वळावे लागते. जिल्ह्यातले संरक्षित क्षेत्र म्हणजे सेलू तालुक्याच्या बाजूचे बोर, जे १९७० मध्ये अभयारण्य आणि २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाले. तिथे धरणाचा विस्तीर्ण जलाशय आहे खरा, परंतु तिथली सगळी व्यवस्था वाघ पाहायला येणाऱ्या जिप्सींच्या वेळापत्रकावर चालते, आणि पाण्यावरच्या लालसरीसाठी गाडी थांबवा म्हणणारा पर्यटक वाटाड्याला चमत्कारिकच वाटतो. बाकीचे पाणी, म्हणजे समुद्रपूर-हिंगणघाट भागातले पोथरा आणि लालनाला, पलीकडे धाम, पंचधारा, डोंगरगाव, मदन, कार, निम्न वर्धा, वर्धा शहराजवळचे रोठ्याचे तलाव, आणि नागपूर जिल्ह्याच्या हद्दीतले नांद व वडगाव, हे सिंचनासाठी, पिण्याच्या पाण्यासाठी आणि मासेमारीसाठी राबणारे पाणी आहे. पक्ष्यांसाठी ते कोणी बांधले नाही.

पूर्व विदर्भाशी तुलना केली तर हा फरक अधिक ठळक होतो. भंडारा, गोंदिया आणि चंद्रपूर या जिल्ह्यांत कोहळी समाजाने आणि मालगुजारांनी उभारलेले शेकडो जुने तलाव आहेत. त्यांचे काठ उथळ आहेत, पाण्यात कमळ, शिंगाडा आणि निरनिराळे पाणगवत आहे. मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला काढलेल्या वर्षांमुळे मराठी वाचकाच्या मनात पाणपक्ष्यांचे जे चित्र ठसले आहे ते याच जुन्या तलावांचे. वर्धा जिल्ह्यातले बहुतेक मोठे जलाशय त्या मानाने अलीकडचे, मातीच्या धरणामागचे आणि पाण्याची पातळी झपाट्याने वरखाली होणारे असल्यामुळे त्यांच्या काठाला वनस्पतींचा स्थिर पट्टा क्वचितच तयार होतो. छायाचित्रकाराला लपायला पाणकणीस नाही आणि पक्ष्याला घरटे करायला आडोसा नाही, अशी ही उघडीवाघडी पाणथळ आहे.

कायद्याच्या बाजूनेही हे पाणी उघडेच आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या पाणथळ नियमांमध्ये पाणथळीची जी व्याख्या दिली आहे तिच्यातून पिण्याच्या पाण्यासाठी व सिंचनासाठी मुद्दाम बांधलेली मानवनिर्मित जलस्थाने वगळली आहेत, त्यामुळे हिवाळ्यात हजारो बदके उतरणारा एखादा प्रकल्प कागदोपत्री पाणथळ ठरत नाही. याच्या अगदी उलट उदाहरण महाराष्ट्रातच आहे. निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर हा गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर १९०७ ते १९११ या काळात सिंचनासाठी बांधलेला बंधाराच, पण त्यात गाळ साचत गेला, बेटे आणि दलदली तयार झाल्या, १९८६ मध्ये ते अभयारण्य झाले आणि २०१९ मध्ये रामसर करारानुसार, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, नोंदवले गेलेले महाराष्ट्रातले पहिले ठिकाण ठरले. तिथे चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत, गावातलेच प्रशिक्षित वाटाडे आहेत, प्रवेशशुल्क आहे, आणि कोणी कुठपर्यंत जायचे हे ठरलेले आहे. पोथऱ्याच्या किंवा लालनाल्याच्या काठावर यातले काही नसल्यामुळे तिथे छायाचित्रण कसे करायचे याचा निर्णय सर्वस्वी छायाचित्रकाराच्या अकलेवर सोपवलेला आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सगळीकडे लागू आहे आणि शिकार सगळीकडे गुन्हा आहे. पण छायाचित्रणासाठी परवाना घेण्याची त्या कायद्यातली तरतूद अभयारण्यातील प्रवेशापुरती आहे, आणि धरणाच्या भिंतीवर पाटबंधारे खात्याचा चौकीदार अडवतो तो पक्ष्यांसाठी नव्हे, धरणाच्या सुरक्षेसाठी.

जलाशयाचे वर्ष कसे चालते हे समजल्याशिवाय इथल्या पक्ष्यांचे वर्ष समजत नाही. पावसाळ्याच्या शेवटी जलाशय भरलेला असतो, पाणी काठावरच्या बाभळींच्या बुंध्याला टेकलेले असते आणि सांडव्यावरून जादा पाणी वाहत असते; ऑक्टोबरच्या अखेरीला पहिली बदके येतात तेव्हा त्यांना बसायला उथळ जागाच नसते, म्हणून ती दूर मध्यावर तरंगत राहतात आणि त्या महिन्यातली छायाचित्रे बहुधा ठिपक्यांची असतात. रब्बीची आवर्तने सुरू झाली, म्हणजे गहू-हरभऱ्यासाठी ठरावीक दिवस कालव्यात पाणी सोडले जाऊ लागले, की पातळी उतरू लागते आणि दर आठवड्याला ओल्या चिखलाची एक नवी पट्टी उघडी पडते, जिच्यात किडे, गोगलगायी, रुजलेले गवत आणि बी असते. डिसेंबर-जानेवारीत पक्ष्यांची संख्या शिगेला पोचते ती नेमकी या काळात, आणि चांगली छायाचित्रेही याच काळातली असतात. परतीचा पाऊस लांबलेल्या वर्षी शेतकऱ्याला आवर्तनाची गरज उशिरा पडते, काठ बुडालेलेच राहतात आणि धरण तुडुंब असूनही पक्षी कमी दिसतात. 'यंदा पाणी भरपूर, मग पक्षी कुठे गेले' हा अशा वर्षी विचारला जाणारा प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर पक्ष्यांमध्ये नव्हे तर कालव्याच्या दारांमध्ये असते.

पाणी उतरले की बुडीत क्षेत्राच्या शेपटाकडे, जिथे मूळ नदी-नाला जलाशयाला मिळतो, तिथे गाळपेर सुरू होते. गाळपेर म्हणजे पाणी हटल्यावर उघड्या पडलेल्या गाळाच्या जमिनीवर घेतलेले पीक; ही जमीन पाटबंधारे खात्याच्या मालकीची असून ती हंगामापुरती भाड्याने दिली जाते, आणि ओल आधीच असल्याने गहू, हरभरा किंवा टरबूज तिच्यात सहज उगवते. पट्टकादंबाची नजर याच कोवळ्या पिकावर असते. तो मुख्यतः चरणारा पक्षी आहे, गवत आणि कोंब कात्रीने कापल्यासारखे खुडतो, रात्री आणि पहाटे शेतात उतरतो आणि ऊन चढले की पाण्याच्या मधोमध किंवा एखाद्या उघड्या बेटावर मान पाठीत खुपसून झोपतो. दिवसा उजेडी त्याला गाठणाऱ्या छायाचित्रकाराकडे झोपलेल्या राखी गोळ्यांची शेकडो चित्रे जमतात, ती या वेळापत्रकामुळे. जागे, चालणारे, चरणारे पट्टकादंब सूर्योदयानंतरच्या पहिल्या अर्ध्या-पाऊण तासातच मिळतात, आणि तेही शेतमालकाला आधी सांगून बांधावर बसलेल्याला.

इथेच या विषयातला सर्वांत कमी समजून घेतलेला भाग येतो, तो म्हणजे काठाची निवड. मातीच्या धरणाच्या जलाशयाला दोन टोके असतात: भिंतीकडची बाजू खोल, आणि शेपटाकडची उथळ. बदकांचेही ढोबळमानाने दोन गट आहेत. तलवार बदक, थापट्या, चक्रांग, गडवाल ही पृष्ठभागावर चरणारी बदके, जी डोके पाण्यात घालून आणि शेपूट वर करून हात-दीड हात खोलीपर्यंतचे अन्न घेतात. आणि लालसरी, मोठी लालसरी, शेंडी बदक ही बुडी मारणारी बदके, ज्यांना काही मीटर खोल पाणीही चालते. म्हणून भिंतीवरून बुडीमार बदके जवळ आणि चरणारी दूर दिसतात, तर शेपटाकडून याच्या उलट. यात प्रकाशाची भर घालावी लागते. वर्ध्याचा अक्षांश साधारण पावणेएकवीस अंश उत्तर असल्याने डिसेंबरच्या उत्तरार्धात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४६ अंशांच्याच उंचीवर, दक्षिणेकडे झुकलेला असतो; त्यामुळे जलाशयाच्या दक्षिण काठावर उत्तरेकडे तोंड करून बसणाऱ्याला दिवसभर ऊन पाठीमागून मिळते, आणि उत्तर काठावर बसणाऱ्याला सगळा दिवस चमकणाऱ्या पाण्यावरच्या काळ्या आकृत्या. धरणाची भिंत कोणत्या दिशेला आहे, शेपूट कुठे आहे आणि दक्षिण काठाकडे वाट जाते का, हे तीन प्रश्न नकाशावर घरबसल्या सोडवता येतात, तरीही बहुतेक जण जिथपर्यंत डांबरी रस्ता जातो तिथेच, म्हणजे भिंतीवर, उभे राहतात.

प्रकाशाच्या दिशेचे महत्त्व थापट्या या एका बदकावरून पुरते ध्यानात येते. नराचे डोके गडद हिरवे असते असे पुस्तकात लिहिलेले असते, पण ती हिरवी छटा रंगद्रव्याची नसून पिसांच्या सूक्ष्म रचनेतून प्रकाश परावर्तित होण्याने निर्माण होते. ऊन पाठीमागून असेल आणि पक्ष्याने मान योग्य कोनात वळवली असेल तेव्हाच ती पेटते, एरवी डोके निव्वळ काळे दिसते. थापट्यांचा थवा खाताना गोल गोल फिरतो, एकामागे एक, पुढच्याने ढवळलेले पाणी मागच्याने आपल्या पसरट, फावड्यासारख्या चोचीतून गाळून घ्यावे अशा रीतीने, आणि या फेरीत प्रत्येक नराचे डोके काळे-हिरवे-जांभळे-काळे असे बदलत जाते. हे पाहिलेला छायाचित्रकार एकाच नराच्या मागे लेन्स फिरवत बसण्यापेक्षा एका जागेवर नेम धरून थवा तिथून जाण्याची वाट पाहतो. वारकऱ्याचे काळे अंग व पांढराशुभ्र कपाळपट्टा, किंवा चक्रवाकाचे नारिंगी अंग व फिकट डोके, यांत प्रकाशमापन फसते. कॅमेरा काळ्या पक्ष्याला राखी आणि पांढऱ्याला मळकट करू पाहतो, म्हणून उजेडाचे प्रमाण हाताने कमी-जास्त करावे लागते. उडत्या बदकासाठी सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतका किंवा त्याहून वेगवान शटर लागतो, हे आता सर्वांनाच ठाऊक आहे.

विदर्भातली खरी तांत्रिक अडचण मात्र लेन्सच्या पुस्तकांत फारशी नसते. रात्री थंडी पडून सकाळी नऊ-दहापर्यंत ऊन तापले की जमीन, चिखल आणि पाणी वेगवेगळ्या गतीने गरम होतात, त्यांच्यावरची हवा थरथरू लागते, आणि दोनशे मीटरवरचे बदक भिंगातून वितळत असल्यासारखे दिसते. फेब्रुवारीच्या मध्यानंतर तर ही धग सकाळी आठलाच सुरू होते. यावर महागड्या लेन्सचा उपाय नाही, कारण दोष काचेत नसून मधल्या हवेत आहे. मोठी लेन्स ती थरथर फक्त मोठी करून दाखवते. २०१५ मध्ये निकॉनचा पी-९०० हा ८३ पट झूमचा, तुलनेने स्वस्त कॅमेरा आला आणि तालुक्याच्या गावांतल्या शिक्षकांपासून दुकानदारांपर्यंत अनेक पक्षीनिरीक्षकांच्या हाती दूरचा पक्षी आला, हे त्या कॅमेऱ्याचे मोठे श्रेय. पण दूरचा पक्षी जवळ दिसतो म्हणून तो जवळच्यासारखा टिपता येतो, हा समजही त्यानेच पसरवला. आज दुर्बिणीच्या भिंगाला मोबाइल जोडून घेतलेली छायाचित्रेही ओळख पटवायला पुरेशी असतात. तीही सकाळी लवकर घेतली तरच.

बंदुकीकडून कॅमेऱ्याकडे झालेला प्रवास इथे थोडक्यात पुरे. भरतपूरच्या पाणथळीवर १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकार पार्टीने एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले, आणि तीच जागा १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाली. शिकारीचा तो दिवस पक्षीशास्त्रज्ञ सालिम अली यांचा वाढदिवस होता, हा निव्वळ योगायोग. छायाचित्रकार लोदर यांचे भारतातील पक्षीछायाचित्रणावरचे इंग्रजी पुस्तक १९४९ मध्ये निघाले, आणि सिंगापूरचे उद्योगपती लोक वान थो यांनी सालिम अलींबरोबर भारतात केलेले छायाचित्रण प्रसिद्धच आहे. त्या पिढीचे काम घरट्याजवळ उभारलेल्या लपणातून चाले, कारण तेव्हाच्या लेन्सना पक्षी जवळ लागे. आज घरट्याचे छायाचित्रण बहुतेक पक्षीमित्र संस्था त्याज्य मानतात, आणि महाराष्ट्रात चितमपल्ली यांच्या ५ नोव्हेंबर व सालिम अली यांच्या १२ नोव्हेंबर या जन्मदिवसांदरम्यान साजरा होणारा, २०२० पासून शासनमान्य झालेला पक्षी सप्ताह नेमका हिवाळी पाणपक्षी येण्याच्या दिवसांत पडतो, हे या बदलाला साजेसेच आहे.

त्रासाचा प्रश्न मात्र घरट्यापुरता नाही. हिवाळी बदक इथे अंडी घालत नाही, पण परतीच्या हजारो किलोमीटरच्या प्रवासासाठी चरबी साठवते, आणि प्रत्येक वेळी उडून दूर जाऊन बसण्यात त्या साठ्यातली काही उधळली जाते. समाजमाध्यमांवर सगळ्यांत जास्त पसंती मिळते ती पाण्यावरून एकदम उठलेल्या थव्याच्या चित्राला. असा थवा आपोआप क्वचितच उठतो, भोवत्या किंवा अन्य शिकारी पक्षी आला तर उठतो, आणि बाकी बहुतेक वेळा काठावर कोणीतरी पुढे सरकले म्हणून उठतो. म्हणून अशा चित्राकडे पाहताना ते कसे मिळाले असेल, हा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात आधी यायला हवा. हेही खरे की बदके सगळ्याच माणसांना सारखी घाबरत नाहीत. ढिवर किंवा भोई रोज डोंग्यातून अथवा फुगवलेल्या ट्यूबवर बसून जाळे काढायला जातात तेव्हा पक्षी पाच-पन्नास हात सरकून पुन्हा चरू लागतात, कारण त्या माणसाची वाट, वेळ आणि वेग त्यांना ओळखीचे झालेले असतात. तोच पक्षी काठावर अचानक उभ्या राहिलेल्या आणि थेट आपल्याकडे चालत येणाऱ्या अनोळखी आकृतीला दूरवरूनच उडतो. यावरून निघणारा व्यवहारातला धडा साधा आहे: आधीच जाऊन बसावे, आडवे व्हावे, धान्याच्या छोट्या पिशवीवर कॅमेरा टेकवावा आणि पक्ष्यांना आपल्याकडे येऊ द्यावे. पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवरून घेतलेले चित्र दिसायलाही जास्त चांगले असते, तेव्हा इथे सभ्यता आणि सौंदर्य यांत भांडण नाही. मच्छीमार संस्थेच्या सभासदांशी बोलल्याशिवाय त्यांच्या डोंग्यातून भाड्याने फेरफटका मारण्याची जी टूम काही जलाशयांवर निघाली आहे ती मात्र पक्ष्यांचा हा विश्वासच मोडते, कारण ओळखीचा डोंगा ओळखीच्या वाटेने जात नाही असे झाले की तोही परका ठरतो.

छायाचित्राचे मोल ठरवताना सौंदर्याइतकेच नोंदीकडे पाहायला हवे, आणि या बाबतीत पट्टकादंबाने भरपूर काही दिले आहे. या पक्ष्याची विणीची ठिकाणे मंगोलिया, तिबेट, किर्गिझस्तान आणि लडाखच्या उंच तलावांवर आहेत. २००५ मध्ये चीनमधील चिंगहाई सरोवरावर बर्ड फ्लूने सहा हजारांहून अधिक पक्षी मेले, त्यांत पट्टकादंब मोठ्या संख्येने होते, आणि त्यानंतर उपग्रह-यंत्रे बसवून या पक्ष्यांचा मागोवा घेण्याला वेग आला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते हिमालयाची चढण बाहेरच्या वाऱ्याची मदत न घेता सात-आठ तासांत चढतात असे दिसले. अशी यंत्रे थोड्याच पक्ष्यांना बसवता येतात. त्यापेक्षा जास्त पक्ष्यांच्या मानेत मंगोलियातील संशोधकांनी अक्षर-अंक कोरलेले प्लास्टिकचे पट्टे घातले आहेत, जे भारतातल्या अनेक जलाशयांवर वाचले गेले आहेत, आणि ते वाचण्याचे सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे स्पष्ट छायाचित्र; शेकडो पक्ष्यांतून एका मानेवरचा अंक पाहायचा तर थवा चरताना, माना वर-खाली होत असताना, बाजूने टिपावा लागतो. दुसरे एक काम पट्ट्याशिवायही होते. पहिल्या हिवाळ्यातल्या पिल्लांच्या डोक्यावर ते दोन काळे पट्टे नसतात, माथा व मानेची मागची बाजू गडद तपकिरी असते. त्यामुळे थव्याच्या चांगल्या चित्रावरून प्रौढ किती आणि पिल्ले किती हे मोजता येते, आणि दूर मंगोलियात विणीचा हंगाम कसा गेला याचा अंदाज हिंगणघाट तालुक्यात बसून बांधता येतो. पक्षीनिरीक्षणातली ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी वापरली जाणारी युक्ती असावी.

ओळख पटवून मोजण्याची परंपरा हंसांच्या बाबतीत इंग्लंडमधील स्लिमब्रिजला, पीटर स्कॉट यांनी १९४६ मध्ये स्थापन केलेल्या केंद्रावर, फार पुढे गेली: १९६४ पासून तिथे बेविक हंसांच्या चोचीवरच्या पिवळ्या-काळ्या नक्षीवरून एकेक पक्षी ओळखून त्याची वर्षानुवर्षांची नोंद ठेवली गेली. भारतात तेवढी बारकाई जमलेली नाही, पण १९८७ पासून दर जानेवारीत होणारी आशियाई पाणपक्षी गणना आणि ई-बर्ड या संकेतस्थळावर सामान्य निरीक्षकांनी भरलेल्या याद्या यांतून मोठे चित्र उभे राहते. हजारो निरीक्षकांच्या नोंदींवर आधारलेल्या २०२३ च्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवालात थापट्या, तलवार बदक, चक्रांग आणि शेंडी बदक या पूर्वी सर्रास समजल्या जाणाऱ्या बदकांत स्पष्ट घट नोंदवली गेली. लालसरी तर २०१५ पासून जागतिक पातळीवर संकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत आहे. वर्ध्यात बहार नेचर फाउंडेशनने शहरपक्षी ठरवण्यासाठी घेतलेल्या मतदानात लोकांनी निवडलेला नीलपंखही त्याच अहवालात घटत्या पक्ष्यांत आहे, म्हणजे शेतातला काय आणि पाण्यातला काय, नेहमीचाच पक्षी कमी होतो आहे. छायाचित्रकार मात्र अजून दुर्मिळाच्या मागे आहेत. एखादा भरकटलेला कलहंस दिसल्याची बातमी फुटली की आठवडाभर त्या तलावावर गाड्या लागतात, आणि त्याच तलावावरच्या चक्रांगांचे एकही चित्र कोणी घेत नाही. थव्याच्या चित्रावरून मोजणी करण्यातही अडचणी आहेत, विशेषतः बुडीमार बदकांत, जिथे कुठल्याही क्षणी थव्यातले काही पाण्याखाली असतात आणि चित्रातला आकडा खऱ्याहून कमी येतो. म्हणून एकाच थव्याची काही क्षणांच्या अंतराने अनेक चित्रे घेऊन सर्वांत मोठा आकडा धरण्याची पद्धत बरी.

या सर्व चित्रांमध्ये एक गोष्ट सातत्याने सुटते, ती म्हणजे पाणी. पक्षी चौकट भरून यावा, मागचे सगळे पुसट व्हावे, या अभिरुचीमुळे वर्धा जिल्ह्यातल्या कुठल्याही जलाशयावरचा तलवार बदक आणि गुजरातमधला तलवार बदक चित्रात अगदी सारखे दिसतात, आणि दहा वर्षांपूर्वी पोथऱ्याचा काठ कसा होता हे पाहायचे ठरवले तर त्या काळची उत्तम चित्रे असूनही काहीच कळत नाही. गेल्या काही वर्षांत या जलाशयांचे रूप चार कारणांनी बदलते आहे: २०१७ पासूनच्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेतून होणारा गाळ-उपसा, ज्याने साठवण वाढते पण उथळ चिखलाची पट्टी खोल होते, काठावर पसरणारे बेशरम आणि पाण्यावरची जलकुंभी, मत्स्यबीज सोडून वाढलेली मासेमारी, आणि गाळपेर जमिनीवर वाढलेली मागणी. यांपैकी प्रत्येकाचा पक्ष्यांवर नेमका काय परिणाम झाला हे सांगायला पक्ष्याच्या डोळ्यातली चमक कामाची नाही. त्यासाठी सांडव्याच्या खांबासारख्या कायमच्या खुणेवरून, ठरावीक दिशेने, दर पंधरवड्याला घेतलेले साधे, रुंद चित्र लागते, ज्यात काठ कुठपर्यंत उघडा आहे, पीक कुठे आहे, जाळी कुठे लागली आहेत आणि पक्षी कोणत्या पट्टीत बसले आहेत हे एकत्र दिसते. असे चित्र घ्यायला मोबाइल पुरतो, कौशल्य लागत नाही, आणि बहुधा याच कारणाने ते कोणी घेत नाही.

गाळपेर शेतकऱ्याचा प्रश्न अशाच चित्रांनी थोडा सुटण्यासारखा आहे. पट्टकादंबाच्या थव्याने रात्रीत हरभऱ्याचे वाफे खुडल्याची तक्रार जलाशयाच्या शेपटाकडच्या गावांत ऐकू येते. त्यावर काही शेतकरी फटाके लावतात, काही रात्रभर बॅटरी घेऊन बांधावर बसतात, आणि बाहेरून आलेल्या पक्षीमित्राने त्याच थव्याचे कौतुक करावे हे त्यांना रुचत नाही, यात नवल नाही. नुकसान किती आणि कोणत्या आठवड्यात, कोंब पुन्हा फुटतात की नाही, आणि त्यात पट्टकादंबाचा वाटा किती व रोही-रानडुकराचा किती, हे वाद तोंडी चालतात, कारण पहाटे सहाला त्या वाफ्यात कोण उभे होते याचे चित्र कोणाकडेच नसते, ना शेतकऱ्याकडे, ना वनखात्याकडे, ना तिथून दीडशे मीटरवर कॅमेरा लावून बसलेल्या छायाचित्रकाराकडे, ज्याची लेन्स त्या वेळी पाण्याच्या दिशेने वळलेली असते.